शाळेचा निरोप घेताना

(पुणे शहरातील एका बुद्धविहाराच्या सभागृहात, दहावीच्या वर्गास निरोप देण्याच्या प्रसंगी केलेले भाषण)



आताच आपण या मुलामुलींची मनोगते ऐकली. कोणी पहिलीतील पहिल्या दिवसाची आठवण सांगितली, कोणी मधल्या सुटीत वाटून खाल्लेल्या भाकरीची, कोणी गणिताच्या गुरुजींच्या छडीची आणि त्याच गुरुजींनी परीक्षेच्या फीसाठी स्वतःच्या खिशातून दिलेल्या पैशांची. ऐकताना आपण हसलो, आणि काही मातांचे डोळे पाणावले. शाळेची वर्षे संपताना मनुष्याचे मन असे भरून यावे यात नवल नाही.

परंतु या मनोगतांत एक वाक्य असे आले की, ते बोलणाऱ्या मुलीच्याही ध्यानात त्याचे वजन आले नसावे. ती म्हणाली, “सातवीपर्यंत माझ्या बाकावर माझी मैत्रीण बसत असे, पुढे ती आली नाही.” एवढे बोलून ती स्नेहसंमेलनातील नाटकाकडे वळली. सभागृहातही कोणी चुळबुळ केली नाही. मित्रहो, मी आज जे बोलणार आहे ते सारे त्या एका वाक्यावर बोलणार आहे. शाळेकडे मागे वळून पाहणे म्हणजे आपल्यासोबत असलेल्यांकडे पाहणे, तसेच आपल्यासोबत निघून वाटेत थांबलेल्यांकडेही पाहणे, असे मला नम्रपणे सांगावयाचे आहे.

मुक्ताने काय पाहिले?

या पुणे शहरात शाळांच्या आठवणींचा तोटा नाही. येथील शाळांचे शतकोत्सव झाले, स्मरणिका निघाल्या, माजी विद्यार्थ्यांचे मेळावे भरले. पण याच शहरातील एका विद्यार्थिनीने लिहिलेला मजकूर या साऱ्यांहून जुना आणि साऱ्यांहून मोलाचा आहे. तिचे नाव मुक्ता साळवे.

१८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी बुधवार पेठेतील भिडे वाड्यात मुलींची शाळा उघडली. पुढे ३ जुलै १८५१ रोजी बुधवार पेठेतच चिपळूणकरांच्या वाड्यात, त्याच वर्षीच्या सप्टेंबरात रास्ता पेठेत आणि १५ मार्च १८५२ रोजी वेताळ पेठेत, म्हणजे आजच्या गुरुवार पेठेत, मुलींच्या शाळा निघाल्या. १८५२ सालीच अस्पृश्य गणल्या गेलेल्या समाजातील मुलांसाठीही शाळा सुरू झाली. सावित्रीबाईंच्या अंगावर शेण आणि खडे पडले, हे आपण सारे जाणता. ज्या भिडे वाड्यात हे घडले ती जीर्ण वास्तू, राष्ट्रीय स्मारक उभारण्यासाठी, डिसेंबर २०२३ मध्ये उतरविण्यात आली. वास्तू गेली, मात्र तेथून सुरू झालेल्या शाळांपैकी एका शाळेतील मुलीने लिहिलेला निबंध आजही आपल्या हाती आहे.

मुक्ता मांग समाजातील. शाळेत जाऊन तिला अवघी तीन वर्षे झाली होती. वय चौदाच्या आसपास. तिचा निबंध ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ अशा दोन अंकांत छापून आला. त्याचा विषय होता मांग-महारांचे दुःख. या मुलीला नुकतीच अक्षरे आली होती. तिने त्या अक्षरांनी काय लिहावे? आपल्या गुरूंची स्तुती लिहिता आली असती, पाटी-पेन्सिलीची गोष्ट लिहिता आली असती. तिने आपल्या लोकांची स्थिती लिहिली. पेशवाईत गुलटेकडीच्या मैदानावर या समाजाच्या माणसांची काय विटंबना होत असे ते लिहिले. अंगावर छप्पर नसताना प्रसूत होणाऱ्या स्त्रियांचे हाल लिहिले. ज्यांना धर्मग्रंथ पाहण्याचीही मनाई आहे त्यांचा धर्म तरी कोणता, हा प्रश्न तिने भर पुण्यात विचारला. आणि अखेरीस आपल्या बांधवांना विद्या घेण्याचा आग्रह केला.

विद्यार्थिमित्रांनो, शाळेकडे मागे वळून पाहण्याची ही एक रीत आहे. मुक्ता शाळेच्या दारात उभी राहिली आणि तिची नजर, जे त्या दाराच्या आत येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे गेली. ज्या गुलटेकडीचे नाव तिच्या निबंधात आहे, त्याच गुलटेकडीवर आज मार्केट यार्ड आहे. आपल्यापैकी कित्येकांचे वडील तेथे पहाटे चार वाजता पाठीवर पोती वाहतात, कित्येकांच्या आया तेथे कांदा-बटाटा निवडतात. त्यांच्या पाठीवरील पोत्यांनी तुमची दहावी झाली आहे. मुक्ताने लिहिले त्याला पावणेदोनशे वर्षे होत आली. तेव्हाच्या मानाने पुष्कळ बदलले हे खरे. पण पुढचे लिहिण्याचे काम संपले असे कोण म्हणेल?

ही तर केवळ परीक्षा

दुसरी गोष्ट परमपूज्य बाबासाहेबांच्या शालेय जीवनातील. ७ नोव्हेंबर १९०० या दिवशी साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या पटावर ‘भिवा रामजी आंबेडकर’ हे नाव चढले. २०१७ सालापासून महाराष्ट्र शासन हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळते. त्या शाळेत बाबासाहेबांना वर्गात वेगळे बसावे लागे. बसावयाचे गोणपाट रोज घरून न्यावे लागे आणि संध्याकाळी परत आणावे लागे, कारण शाळेचा नोकरही त्या गोणपाटाला शिवत नसे. तहान लागली तर शिपाई असेल तेव्हाच पाणी. शिपाई नाही तर पाणी नाही. आपल्या शालेय आठवणी बाबासाहेबांनी पुढे लिहिल्या, त्या अशा आहेत. त्यांत गोडवा शोधून सापडत नाही. पण त्यांत खोटेही काही नाही.

पुढे मुंबईत त्यांच्या परीक्षेतील यशाबद्दल समाजाने अभिनंदनाची सभा भरविली. चरित्रकार ती मॅट्रिकच्या, म्हणजे १९०७ सालच्या यशाची सांगतात. बाबासाहेबांनी स्वतः मात्र ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत ती इंग्रजी चौथीच्या यशाची म्हटली आहे. यत्ता कोणतीही असो, त्या सभेपूर्वी घरात जे घडले ते आपण ध्यानात ठेवावे. सुभेदार रामजी आंबेडकर यांनी सभेस साफ नकार दिला. मुलाच्या डोक्यात वारे शिरेल, त्याने एक परीक्षा दिली, त्यापलीकडे केले काय, असे त्यांचे म्हणणे होते. अखेर कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांची समजूत घातली आणि सभा झाली. अध्यक्षस्थानी सीताराम केशव बोले होते. केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्या मुलाच्या हाती दिले.

मित्रहो, या सभेत किती बीजे होती पाहा. ज्या बोल्यांनी त्या सभेचे अध्यक्षपद भूषविले, त्यांनीच ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात ठराव आणून सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा आणि शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात असे मान्य करून घेतले. त्या ठरावाच्या पाठोपाठ १९२७ साली महाडचे चवदार तळे आले. आणि जे पुस्तक त्या मुलाच्या हाती पडले त्याची फलश्रुती १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला सर्व जगाने पाहिली. म्हणून मी आलेल्या पाहुण्यांना विनंती करतो की, पुढील वर्षीपासून अशा प्रसंगी हारतुऱ्यांवर खर्च करू नका. प्रत्येक मुलाच्या हाती एक चांगले पुस्तक द्या. आणि मुलांना सुभेदारांचे शब्द सांगतो: ही तर केवळ परीक्षा आहे. तुम्ही उत्तीर्ण झालात तर आम्हांला आनंद होईल; पण खरे मोजमाप तुम्ही पुढे काय करता त्यावर होईल. आणि जे अनुत्तीर्ण होतील त्यांनाही तेच शब्द सांगतो: ही तर केवळ परीक्षा आहे. पुरवणी परीक्षा आहे, सतरा नंबरचा फॉर्म आहे, या शहरात रात्रशाळा आहेत. नापास झालेल्या मुलाने तोंड लपवावे असा कोणताही अपराध त्याने केलेला नाही.

बाकावरील रिकामी जागा

आता त्या रिकाम्या जागेकडे येऊ. या वर्गातील बहुतेक मुले महापालिकेच्या एकाच शाळेत पहिलीला बसली. त्या वेळचे वर्गाचे छायाचित्र पुष्कळ घरांत भिंतीवर आहे. आज घरी गेल्यावर ते खाली काढा आणि माना मोजा. मग आज येथे बसलेल्यांच्या माना मोजा. जे उरतील त्यांची नावे तुम्हांला पाठ आहेत. कोणी सातवीनंतर शाळा बदलण्याच्या वेळी गळाले, कारण नवी शाळा लांब होती आणि बसच्या पासाला पैसे नव्हते. कोणी बापाचा अपघात झाला म्हणून गॅरेजवर गेले. कोणी ऊसतोडीला गेलेल्या आईबापांबरोबर गेले ते परत आलेच नाहीत. आणि मुली? मुली धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी राहिल्या, चार घरची धुणीभांडी करण्यास आईसोबत गेल्या, आणि काहींची तर लग्ने झाली.

कायदा काय सांगतो? २००२ सालच्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाचा मूलभूत हक्क झाला. २००९ साली त्याचा कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अंमलात आला. यामागे दीर्घ इतिहास आहे. जोतीरावांनी ऑक्टोबर १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन ठेवून निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली होती. सरकारचा महसूल शेतकऱ्यांच्या श्रमातून येतो आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना होतो, हे त्यांनी सरकारास स्पष्ट बजावले होते. ती मागणी कायद्यात उतरावयास सव्वाशे वर्षे लागली.

तरीही एक गोष्ट पालकांनी नीट समजून घ्यावी. हा हक्क चौदा वर्षांपर्यंत, म्हणजे साधारणतः आठवीपर्यंतच आहे. नववी आणि दहावी ही दोन वर्षे त्या कायद्याच्या छपराबाहेर आहेत. नेमक्या त्याच वयात मुलाच्या हाताला मजुरी मिळू लागते आणि मुलीला स्थळे येऊ लागतात. जेथे कायद्याचे छप्पर संपते तेथे आईबापांचा निर्धार हेच छप्पर. आणि आईबापांचा निर्धार डळमळला तर शेजाऱ्यांनी, विहाराने, समाजाने टेकू द्यावयास हवा. नाही तर कायदा कोणाकोणाला पुरेल?

येथे मला स्वतःचे एक ऋण कबूल केले पाहिजे. मी शाळा सोडली त्या वेळी अशाच समारंभात उभा राहून भाषण केले होते. ‘सोन्याचे दिवस’ हे शब्द मी दोनदा वापरले आणि टाळ्याही घेतल्या. माझी धाकटी बहीण त्या वेळी घरी होती. तिचे नाव सातवीनंतर काढले होते, कारण दोघांच्या वह्यापुस्तकांचा खर्च झेपत नव्हता आणि मुलगा शिकला पाहिजे हे घरात ठरले होते. हे ठरले तेव्हा मी चूल फुंकणाऱ्या आईच्या शेजारीच बसलो होतो. मी एक शब्दही बोललो नाही. माझी बहीण माझ्याहून हुशार होती. पाढे मी तिच्याकडून म्हणवून घेत असे. माझ्या सोन्याच्या दिवसांत तिच्या वाट्याचे सोने मिसळलेले होते, हे मला उमगण्यास पुष्कळ वर्षे लागली. म्हणून आज जी मुले येथे बसली आहेत, त्यांनी घरी बसलेल्या बहिणीकडे एकदा नीट पाहावे. दीक्षेच्या वेळी आपण समतेची प्रतिज्ञा घेतो. ती समता आपल्या उंबऱ्याच्या आत न आली तर बाहेर कोणाकडे मागावी?

दाखला नीट वाचून घ्या

आता एक व्यवहाराची गोष्ट. येथे नव्यानेच धम्माची दीक्षा घेतलेली कुटुंबे आहेत, म्हणून विस्ताराने सांगतो.

शाळा सोडल्याचा दाखला हा साधा कागद नव्हे. त्यावरील जन्मतारीख, नावातील प्रत्येक काना-मात्रा, आईचे नाव, धर्म आणि जात यांच्या नोंदी पुढे आयुष्यभर तुमच्याबरोबर चालतात. शाळेत असेपर्यंत चूक दुरुस्त करून घेणे त्यामानाने सोपे असते. शाळा सोडल्यावर तीच चूक दुरुस्त करावयास कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. म्हणून दाखला हाती पडण्यापूर्वी आईवडिलांनी शाळेत जावे आणि नोंदवहीतील मजकूर वाचून घ्यावा. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी मुलाकडून मोठ्याने वाचून घ्यावा. यात कमीपणा नाही.

धर्माच्या नोंदीविषयी कित्येकांच्या मनात भय आहे. ‘बौद्ध’ लिहिले तर सवलती जातील काय, असे ते विचारतात. हे भय निराधार नव्हते. त्याला इतिहास आहे. १९५० सालच्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या होत्या. १९५६ साली त्यांत शिखांचा समावेश झाला. आपण बौद्ध झालो आणि त्या आदेशाबाहेर पडलो. महाराष्ट्र राज्याने १९६० साली आपल्या अधिकारातील सवलती बौद्धांना दिल्या. केंद्राचे दार मात्र १९९० सालच्या दुरुस्तीपर्यंत बंद राहिले. त्या चौतीस वर्षांत कित्येक मुलांनी दाखल्यावर ‘बौद्ध’ लिहिले आणि हक्काच्या नोकरीवर पाणी सोडले. कित्येकांनी पोटासाठी जुनीच नोंद ठेवली आणि मनात जळत राहिले. आपण दोघांनाही दोष देऊ नये. त्यांच्या सोसण्यातून आणि चळवळीतून १९९० सालची दुरुस्ती झाली. आज अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना धर्मनोंदीमुळे तो हक्क गमवावा लागत नाही.

परंतु त्यासाठी पूर्वीच्या जातीचा पुरावा लागतो. म्हणून वाडवडिलांचे जुने दाखले, शाळेच्या नोंदींचे उतारे फाडू नका, जपून ठेवा. जात सोडली, तिचे कागद का जपावेत, असे कोणी विचारील. प्रश्न योग्य आहे, आणि मनाला टोचणारा आहे. माझे उत्तर असे की, मिळालेल्या अन्यायाची पावती जवळ असेल तरच त्याची भरपाई मागता येते. पावती कपाटात ठेवा. ती कपाळावर मिरवू नका.

आणखी एक. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची योजना १९४४ साली, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना सुरू झाली. नावाप्रमाणेच ती शाळा संपते तेथून सुरू होते. दहावी झाली म्हणजे शिक्षण संपले, असे जो मानील त्याला ती योजना कळलीच नाही. अर्ज वेळेवर भरा, आणि आपला भरून झाला की शेजारच्या घरच्या मुलाचा भरून द्या.

तीन कामे

विद्यार्थिमित्रांनो, निरोपाच्या वेळी उपदेश फार करू नये, हे मी जाणतो. म्हणून केवळ तीन कामे सांगून थांबतो.

पहिले काम हे की, या सुटीत प्रत्येकाने आपल्या शाळेच्या दहा वर्षांविषयी चार पाने लिहावीत. गोड ते लिहा, कडू तेही लिहा. ज्या गुरुजींनी हात धरला त्यांचे नाव कृतज्ञतेने लिहा. जेथे अपमान झाला तेथे तो कसा झाला हे संयमाने लिहा. मुक्ताने तीन वर्षांच्या शिक्षणावर लिहिले. तुमच्यापाशी दहा वर्षे आहेत.

दुसरे काम हे की, पहिलीच्या छायाचित्रातील जो सोबती आज येथे नाही त्याच्या घरी जा. निकालाचे पेढे घेऊन जाऊ नका. आपली पुस्तके घेऊन जा. तो का थांबला ते विचारा आणि ऐकून घ्या. त्याला रात्रशाळेत किंवा सतरा नंबरच्या फॉर्मने बसता येईल काय ते पाहा. वर्गातील प्रत्येकाने एकास परत आणले, तर दोन वर्षांनी याच सभागृहात दुसरा निरोपसमारंभ करावा लागेल, आणि तो आजच्याहून मोठा होईल.

तिसरे काम मातापित्यांचे आहे. आठवीतून मुलगी घरी बसवावयाची वेळ आली, तर निर्णय करण्यापूर्वी एकदा विहारात येऊन सांगा. पैशाची अडचण असेल तर सारे मिळून काढू. लग्नाची घाई असेल तर सारे मिळून तुम्हांला अडवू. मात्र आम्हांला न कळविता तिचे दप्तर अडगळीत टाकू नका.

मगाशी जी मुलगी बोलली, तिच्या मैत्रिणीचे घर या विहारापासून चार गल्ल्यांवर आहे, असे मला आताच कळले. समारंभ संपल्यावर, चहा घेण्यापूर्वी, मी आणि दोन शिक्षिका त्या मुलीबरोबर तिच्या घरी जाणार आहोत. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी सोबत यावे.

जय भीम!